तळाचं पाणी

नदीच्या मुखावर नेमलेल्या त्या माणसाचं खरं नाव सरकारी कचेरीच्या कागदांवर असेल तर असेल, गावात त्याला सगळे थांबामामा म्हणत. मामा होण्याचं कारण सोपं होतं. त्याची थोरली बहीण खालच्या गल्लीत दिलेली. तिची मुलं मामा म्हणत, त्यांचं ऐकून गल्ली म्हणू लागली आणि गल्लीचं ऐकून गाव. ‘थांबा’ मात्र त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. मुख कधी उघडणार, असं कुणीही विचारो, काठावरचा दुकानदार विचारो नाहीतर कचेरीतला साहेब, उत्तर ठरलेलं. "थांबा." लग्नाचं विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता, आणि थांबता थांबता ते राहूनच गेलं. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि दोन वेळचं जेवण बहिणीकडे होतं.

थांबायचं कशासाठी, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. समुद्राला मिळायच्या आधी ती नदी गावाशेजारी अंग सैल सोडून पसरते. त्या पसरट पाण्याला सगळे खाडी म्हणत. कोरड्या दिवसांत नदीत दम नसतो, समुद्र मात्र वाळू आणून टाकतच राहतो, आणि एके दिवशी मुखावर वाळूचा बांध उभा राहतो. खाडी बंद. आत नदीचं पाणी येत राहतं, चढत राहतं, आणि खालच्या गल्लीच्या पायऱ्यांना लागतं. मग वाळूत चर मारून मुख मोकळं करायचं, हे मामाचं काम. दिसायला चार फावड्यांचं काम, आणि गावातल्या निम्म्या लोकांना ते तेवढंच वाटायचं.

खरी गोम तळाशी होती. मुख बंद होताना जे खारं पाणी आत अडकतं ते जड असतं, ते तळाला बसतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. तळाच्या पाण्याला वारा लागत नाही, ते तिथल्या तिथे कुजत जातं. मासे वरच्या पाण्यात राहतात आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. अशा वेळी कुणी घाईनं मुख उघडलं, तर आधी बाहेर पळतं ते वरचं चांगलं पाणी. मागे उरतं ते कुजकं, आणि मासे त्यात गुदमरतात. म्हणून थांबायचं. चांगला वारा सुटून पाणी वरखाली ढवळू द्यायचं, किंवा मोठ्या लाटा बांधावरून आत पडू द्यायच्या. त्यानंतर ओहोटी लागताना चर मारायचा. मग खाडी सुखरूप रिकामी होते आणि समुद्राच्या ताज्या पाण्यानं पुन्हा भरते.

वेळ झाली की नाही हे कळायला एक बाटली होती. जाड काचेची, बुडाला शिशाचं वजन बांधलेली, बुचाला वेगळी दोरी. होडीतून ती तळापर्यंत सोडायची, दोरीला झटका देऊन बूच काढायचं, बाटली भरली की वर ओढायची आणि नाकाला लावायची. नासक्या अंड्यासारखा वास आला तर थांबा. कचेरीनं पाणी तपासायचं यंत्रही दिलं होतं, आणि यंत्र बाटलीच्या विरुद्ध कधी बोललं नव्हतं. पण यंत्राला नाक नाही, असं मामा म्हणायचा.

बाटली मुळात दाजींची, म्हणजे मामाच्या बहिणीच्या नवऱ्याची. दाजी खाडीत जाळं टाकणारे. कचेरी नव्हती तेव्हा मुख कधी उघडायचं हे मच्छीमार आपसात ठरवत आणि ठरवताना सगळे दाजींच्या नाकाकडे बघत. मामाला नोकरी लागली तेव्हा दाजींनी बाटली त्याच्या हातात ठेवली आणि अट घातली. दोरी तुझी, नाक माझं. त्या दिवसापासून मामानं बाटली भरली की ती आधी दाजींच्या खिडकीशी यायची. दाजी वास घेत, डोळे मिटत, आणि "नाही" किंवा "चालेल" म्हणत. स्वतःच्या नाकाला तोवर सगळं कळून चुकलेलं असलं तरी मामा उभा राहून ऐकत असे. दाजींचं अर्धं अंग गेलं, ते खाटेला खिळले, तरी ही रीत मोडली नाही. उलट खाटच खिडकीशी सरकवली.

दाजींचं बोलणं आता जड झालं होतं, पण शब्द समजत. एक हात चालायचा. त्या हातानं ते बाटली धरायचे, आणि ती धरताना पूर्वीचे दाजी दिसायचे. ताई, म्हणजे मामाची बहीण, लांबूनच नाकाला पदर लावायची. तिला तो वास मुळीच सहन होत नसे. "दोघांना सुगंध लखलाभ," म्हणून ती आत निघून जायची. मुलगा दूरच्या शहरात, मुलगी सासरी, घरात ही दोघं आणि जेवायच्या वेळेला मामा, असं ते घर होतं.

त्या वर्षी वरच्या डोंगरांत अवेळी पाऊस झाला. बांध चांगला जाडजूड पडलेला, नदी अचानक भरून आलेली, आणि वारा म्हणशील तर पान हलेना. खाडी चढत गेली. खालच्या गल्लीत आधी पायऱ्या बुडाल्या, मग उंबरे. माणसं भांडीकुंडी आणि गाद्या घेऊन वरच्या शाळेत राहायला गेली. वर्गावर्गांतून दोऱ्या बांधून कपडे वाळत पडले. मामा दिसला की लोक हात जोडत, कुणी टोमणे मारत. "मामा, आमची पोरं आता शाळेतच जन्माला येणार बहुतेक," एक जण म्हणाला. मामानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, ते काय हे सांगायला नको.

ताईच्या घरात पाणी आलं तेव्हा तिनं खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. पाणी चढलं तशी आणखी एक थर लावला. स्वयंपाकाची शेगडी ओट्यावर होती म्हणून बरं, ती घोटाभर पाण्यात उभी राहून चहा करत होती. मामा बाटली घेऊन आला तेव्हा तिनं नाकाला पदर लावला नाही. नुसती बघत राहिली.

दाजींनी वास घेतला. "नाही," म्हणाले.

"नाहीच," मामा म्हणाला. "दाजी, तुम्ही माझ्याकडे चला. वर कोरडं आहे. चार माणसं आणतो, खाटेसकट उचलून नेऊ. तुम्हाला कळायचंसुद्धा नाही."

दाजी खिडकीबाहेर बघत होते. तिथून पार बांधापर्यंतचं पाणी दिसायचं. "मला इथून हलवायचं नाही," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "या खिडकीतून उठलो की मी संपलो. माझं मला कळतं."

"पाणी ओसरलं की परत आणतो ना."

"नाही म्हटलं ना." मग चालत्या हातानं त्यांनी मामाचं मनगट धरलं. "आणि माझ्यासाठी मुख उघडायचं नाही. घरात डोक्याएवढं पाणी झालं तरी. ऐकलंस?"

"ऐकलं," मामा म्हणाला.

तो बाहेर पडला तशी ताई मागोमाग पायरीपर्यंत आली. दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहिली. भावाला ती अजून बाळ्या म्हणायची आणि पांढऱ्या मिशांच्या त्या माणसाला त्याचं काही वाटत नसे.

"बाळ्या, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?"

ती काय मागणार हे मामाला कळलं, आणि तिनं खरंच कधी काही मागितलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. ह्या बहिणीनं त्याला वाढवलं, लग्न होऊन गेली तरी ताटात वाढत राहिली, आणि बदल्यात कधी पेल्याभर पाणीसुद्धा मागितलं नाही.

"रात्रभर त्यांना खोकला असतो," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, छातीत ओल गेली तर मग माझ्या हातात काही नाही. मी त्यांची कूस बदलायला पाण्यात उभी राहते. खाटेखाली पाणी चुळुकचुळुक करत असतं, डोळा लागत नाही. विटा संपल्या आता माझ्याकडच्या."

"ताई, त्यांना उचलून नेऊ. चिडू देत. दोन दिवस बोलायचे नाहीत."

"चाळीस वर्षांत मी त्यांच्या मनाविरुद्ध काही केलं नाही, आता अंग गेल्यावर करू? हात धरून उचलायचं त्यांना, आणि त्यांनी नुसतं बघत राहायचं?" तिचा आवाज फाटला. "गावाला तू काय थांबवायचं ते थांबव. मला थांब म्हणू नकोस."

मामाच्या तोंडातून तो शब्द निघाला नाही, हीच सगळी गोष्ट आहे.

सकाळी त्यानं होडी काढली. पाणी ताटात ओतल्यासारखं निश्चल होतं. आभाळाचा रंग बघून, वारा येईल अशी मनाची समजूत घालायचा त्यानं बराच प्रयत्न केला. कधीकधी दुपारनंतर सुटतोही. मधोमध जाऊन त्यानं बाटली सोडली, झटका दिला, वर ओढली. नाकाला लावायची गरजही नव्हती, हातभर अंतरावरूनच वास आला. मामानं ते पाणी ओतून टाकलं, बाटली खळबळून धुतली, तिला पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. होडी त्यानं खिडकीकडे नेली नाही. थेट बांधाकडे वळवली.

कचेरीचे दोन मजूर फावडी घेऊन बांधावर नेहमीसारखे बसले होते. त्यांना वाटलं होतं, मामा येणार, थांबा म्हणणार, आणि आपण पत्ते काढणार.

"आज," मामा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "दाजींनी सांगितलं?" एकानं विचारलं.

"ओहोटी लागतेय. चला."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. का विचारावं? ज्या माणसानं आयुष्यात कधी घाई केली नाही त्याच्यावर घाईचा संशय कोण घेणार. चर हातभर रुंद मारला. आधी पाणी बिचकत बिचकत आलं, मग दोन्ही काठांची वाळू ढासळू लागली, आणि दुपारपर्यंत तिथं खळाळती नदी वाहत होती. खाडी भराभर उतरली. शाळेच्या ओट्यावरून लोकांनी आरडाओरडा करून आनंद केला. परत येताना कुणीतरी मामाच्या हातात चहाचा पेला दिला, कुणी पाठ थोपटली. इतकी वर्षं त्यानं खाडी राखली तेव्हा कुणी चहा विचारला नव्हता. त्या दिवशी मात्र तो हिरो झाला, आणि खरं सांगायचं तर तो चहा त्यानं न पिताच ओट्यावर ठेवून दिला.

ताईच्या घरातली जमीन उघडी पडली होती. ती गाळ बाहेर लोटत होती आणि लोटता लोटता रडत होती, सुटकेनं. "जीव भांड्यात पडला रे," ती म्हणाली. दाजींना औषधाची झोप लागली होती. मामाला हायसं वाटलं. त्यानं बाटलीची पिशवी बाहेरच्या खुंटीला अडकवली, न जेवता घरी गेला, आणि रात्रभर वाऱ्याची वाट बघत पडून राहिला. वारा आला नाही.

सकाळी खाडीकाठी आधी आनंदच होता. मासे आपणहून काठाला येत होते. तोंडं पाण्याबाहेर काढून ते एकसारखी उघडझाप करत होते. बायकापोरं टोपल्या, बादल्या, मिळेल ते घेऊन धावली. हातानं उचलावेत इतके सोपे मासे कुणी पाहिले नव्हते. मग खेकडे पाण्याबाहेर येऊन होड्यांच्या खुंटांवर, पायऱ्यांवर चढायला लागले, एकावर एक. तेव्हा म्हाताऱ्या मच्छीमारांचे चेहरे पडले. एकानं बायकोच्या हातातली टोपली काढून घेतली आणि खाली ठेवली. खेकडा पाणी सोडून पळतो तेव्हा पाण्यात काय झालं असेल, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

उन्हं वर आली तशी खाडी पांढरी व्हायला लागली. दर वर्षी येणारे मोठे मासे, ज्यांना जाळेवाले ओळखीच्या माणसासारखे ओळखत, ते पोट वर करून तरंगत होते. चिखलातले सापासारखे वाम मासे वर आले. आणि बोटभर लांबीची पिल्लं, जी इथं वाढून समुद्रात जायची आणि मोठी होऊन परतायची, ती तर मोजायच्या पलीकडे होती. काठाकाठानं त्यांचा चंदेरी थर साचला होता. मामा त्या थरात पाय बुडवून उभा होता. आपण काय केलं हे त्याला पुरतं समजत होतं. तो रडत होता, आणि लोकांना वाटलं उग्र वासानं डोळ्यांतून पाणी येतंय.

मासे पुरायला पुढचे कितीतरी दिवस गेले. वाळूत खड्डे खणले ते त्याच फावड्यांनी. कचेरीतला तरुण साहेब नाकाला रुमाल बांधून आला, काठाकाठानं हिंडला, आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अवेळी पाऊस, त्यात हा उष्मा. निसर्गापुढे आपलं काय चालतं मामा."

"साहेब, वास येत होता," मामा म्हणाला. "मला ठाऊक होतं. तरी उघडलं."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "हे मी ऐकलेलं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही दमलात. घरी जा."

गल्लीनंही त्याला काही म्हटलं नाही. आम्हीच तर मागे लागलो होतो, असं म्हणून माणसं त्याची समजूत काढत आणि मग आपापल्या वाळत टांगलेल्या जाळ्यांकडे बघत. कुणीतरी तोंडावर शिव्या द्याव्यात, गचांडी धरावी, असं मामाला फार वाटे. गावात ते करणारा माणूस एकच होता, आणि त्याला खाटेवरून उठता येत नव्हतं.

मासे मेले त्या दिवशी मामा ताईच्या घराकडे फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी गेला. ताईनं खिडकी घट्ट लावून घेतली होती, फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, खोलीत औषधाचा आणि फिनाइलचा दर्प कोंडला होता. जणू त्या नाकाला चिंध्यांनी फसवता येणार होतं.

"बस," दाजी म्हणाले.

मामा खाली जमिनीवर बसला. जमीन कोरडी होती.

"बाटली आली नाही त्या दिवशी."

"नाही."

"टाकली होतीस?"

खोटं बोलायला वाव होता. घाईत राहून गेली म्हणाला असता तर तो नुसता बेपर्वा ठरला असता, आणि बेपर्वाई माणसं विसरतात. पण दाजींच्या समोर त्याला ते जमेना. "टाकली होती."

"वास?"

"होता."

दाजी छताकडे बघू लागले. डोळ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं, ते त्यांना पुसता आलं असतं, एक हात चालत होता. त्यांनी पुसलं नाही.

"मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या," ते म्हणाले. "मला हलवू नका. आणि उघडू नकोस. त्यातली सोपी तेवढी ऐकलीस."

ताईचं नाव घ्यायचं नाही, हे मामा घरातून ठरवून आला होता. ते तिनंच घेतलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "मी सांगितलं त्याला. त्याच्यावर कशाला?"

"तू सांगणारच," दाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुझं ते कामच. थांबायचं काम त्याचं होतं." मग मामाकडे न बघता म्हणाले, "मला उचलून न्यायचं होतंस रे. मी ओरडलो असतो. शिव्या घातल्या असत्या. घालू द्यायच्या होत्यास."

मामाला हेच तर झोप येऊ देत नव्हतं. चार माणसं, एक खाट, अर्ध्या तासाचं काम. दाजी आपल्यावर रागावतील, ह्या भीतीपायी त्यानं खाट उचलली नाही, आणि ज्याची दाजी कधीच क्षमा करणार नाहीत ते करून बसला.

त्यानंतर दाजी त्याच्याशी बोलत, नाही असं नाही. पाणी दे, उशी सरळ कर. पण खाडीचं नाव त्यांनी काढलं नाही. वास गेल्यावर ताईनं चिंध्या काढल्या, खिडकी उघडली. बाहेर पाणी स्वच्छ होतं, समुद्र आतबाहेर करत होता, आणि त्या पाण्यावर एकही बगळा नव्हता. मेलेले मासे होते तोवर पक्ष्यांची झुंबड होती, मग ते जे गेले ते गेलेच. दाजींनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "लाव." ताईला वाटलं ऊन लागतंय. संध्याकाळी तिनं पुन्हा उघडली. "लाव म्हटलं ना," ते म्हणाले. ज्या खिडकीपासून हलायचं नाही म्हणून सगळं झालं, ती बंद खिडकी उशाशी घेऊन ते पडून राहिले. थंडीच्या सुरुवातीला ते गेले. डॉक्टर म्हणाले, छाती अगदी साफ होती.

मामानं कचेरीत राजीनामा दिला. साहेबानं तो ठेवून घेतला आणि दुसरा माणूस मिळेपर्यंत राहा म्हणाला. दुसरा माणूस मिळाला नाही. वाळूत उभं राहून शिव्या खायच्या नोकरीला कोण येतो. गल्लीतल्या पुष्कळ पुरुषांनी जाळी गुंडाळली आणि दुसरीकडे कामं धरली. थांबामामा म्हणायचंही लोकांनी हळूहळू सोडलं, नुसतं मामा म्हणू लागले. त्यांनी ते त्याला लागू नये म्हणून केलं होतं, आणि ते त्याला रोज लागायचं.

कोरडे दिवस आले. समुद्रानं आपली वाळू आणून टाकली, मुख बंद झालं, खाडी चढायला लागली. डोंगरात ह्याही वर्षी पाऊस पडला. पायऱ्या बुडाल्या तेव्हा गल्लीतली उरलेली माणसं गाद्या उचलून शाळेत गेली. मामा ताईला न्यायला आला. पाण्यातून चालत आत शिरला तर ती दाजींच्या खाटेवर बसलेली, खाटेखाली विटा लावलेल्या. नवीन विटा होत्या. कधी आणून ठेवल्या होत्या कोण जाणे.

"चल वर," तो म्हणाला. "ह्या वेळी मी विचारत नाहीये. उचलून नेईन."

"नेशील. पळून थोडीच जातेय मी." ती म्हणाली. "बाटली टाकलीस?"

मामानं वाकून खाटेखालची एक वीट सरळ केली.

"पिशवी बाहेर खुंटीलाच आहे. गेल्या वर्षीपासून हात नाही लावलास तिला."

"कशासाठी टाकू, ताई?" तो एकदम म्हणाला. "आत आहे काय आता? कुणासाठी थांबायचं? उघडून टाकतो उद्या, निदान तुझं घर तरी कोरडं राहील."

"घर गेल्या वर्षी राहिलं की कोरडं," ताई म्हणाली. "जा. बाटली घेऊन ये."

तो गेला. पिशवीच्या तोंडाची गाठ ओलीनं घट्ट बसली होती, दातानं सोडवावी लागली. होडी काढून तो मधोमध गेला, बाटली सोडली, झटका दिला, वर ओढली. मग वर्षभरात प्रथमच त्यानं होडी त्या खिडकीकडे वळवली. खिडकी उघडी होती. ताई खाटेवर, दाजींच्या जागी, भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "मी सांगतो तुला."

"दोरी तुझी," ती म्हणाली.

तिनं बाटली दोन्ही हातांत धरली आणि नाकाला लावली. आयुष्यभर जो वास तिनं पदराआड टाळला तो तिनं पुरता आत घेतला, डोळे मिटले, आणि तिचा चेहरा आक्रसला. ओकारी आवरून तिनं बाटली परत दिली.

"थांब," ती म्हणाली.

मामानं बूच लावलं. होडी खुंटाला बांधून तो पाण्यातून आत आला आणि तिला उचलायला वाकला. तिनं त्याला हातानं थोपवलं, जरा बस म्हणाली. तोही खाटेवर पाय वर घेऊन तिच्याशेजारी बसला. खिडकीतून बांधापर्यंतचं पाणी दिसत होतं, वारा नव्हता. खाटेखाली पाणी चुळुकचुळुक करत होतं, आणि त्यात जिवंत असं काही उरलंय की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.